काँप्युटर चीटिंग करतो का हो? (एज ऑफ एम्पायर्स, सिव्ह, टोटल वॉर वगैरे)

लाकूडतोड्या

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून धागा काढतोय, आधी चर्चा झाली असेल तर लिंक द्या आणि हा बंद करा.

पोरं झोपल्यावर दहा ते साडेअकरा एवढाच माझा वेळ. त्यात गेले तीन आठवडे एज ऑफ एम्पायर्स टू खेळतोय (गाव वसवा, माल गोळा करा, फौज उभारून समोरच्याला संपवा), म्हणजे तीच आपली कॉलेजातली, फक्त २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनचे नवे कपडे घातलेली. अरेबिया मॅप, मी फ्रँक्स, समोर एकटा काँप्युटर ब्रिटन्स घेऊन, लेव्हल सगळ्यात वरची, एक्स्ट्रीम. वीस-बावीस मॅची झाल्या असतील, एकही जिंकलेलो नाही. हरण्याचं दुःख नाही हो, हॉस्टेलवर रूममेटकडून रोज हरायचो. पण तो समोर बसलेला असायचा, जिंकला की चहा पाजायचा, विषय संपला.

कालचं सांगतो. मला संशय होताच म्हणून मुद्दाम माझा घोडेस्वार स्काउट त्याच्या दगडाच्या खाणीजवळ उभा करून ठेवला होता. खाणीवर एक माणूस नाही, एक टवका उडालेला नाही. आणि तेविसाव्या मिनिटाला माझी माणसं जिथे लाकडं तोडतात त्याच्या उरावर कॅसल उभा! कॅसलला साडेसहाशे दगड लागतात, सुरुवातीला सगळ्यांना दोनशे मिळतात, मग बाकीचे साडेचारशे काय त्याच्या मामाने पाठवले? शिवाय मी मँगोनेलने, म्हणजे दगड फेकायच्या यंत्राने, गोळा टाकला की त्याचे तिरंदाज चिमण्या उडाव्यात तसे दोन्हीकडे पांगतात आणि गोळा मधल्या मोकळ्या जमिनीवर. प्रत्येक वेळी. माणसाला जमेल का हे?

माझं म्हणणं एवढंच की करायचं तर सांगून करा. मेनूतच लिहा ना की बाबा हा लबाड आहे. कुणाला अनुभव?

बार्शीलाईट

+१ आणि जुनी जखम उघडी केलीत.

आमच्या गावातल्या कॅफेत तासाला वीस रुपये होते, पाचजण मिळून तास घ्यायचो, एक खेळणार आणि चारजण मागून ओरडणार. हार्डेस्टवर, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या लेव्हलला, काँप्युटरला कधीच हरवू शकलो नाही. तेव्हा कॅफेवाला दादा ठामपणे सांगायचा की याला वरून सामान येतं. आम्हाला वाटायचं हा फेकतोय.

पण एक आठवण करून देतो, आपण तरी कुठे धुतल्या तांदळाचे होतो. चीट कोड होते ना, चीज स्टीक जिमीज टाइप करून अन्नाचे ढीग लावायचे, मार्को लिहून नकाशा उघडायचा, पोलो लिहून धुकं घालवायचं, आणि मग 'हाऊ डू यू टर्न धिस ऑन' म्हणून मध्ययुगात मशिनगनवाली निळी स्पोर्ट्स कार. बाराव्या शतकातल्या बिचाऱ्या इंग्रज तिरंदाजांवर आम्ही कार घातली आहे दादा. त्यामुळे काँप्युटर लबाड म्हणताना जरा जीभ अडखळते.

तिरपागडा

कॅफेवाला दादा फेकत नव्हता. १९९९ च्या मूळ गेममध्ये आणि त्याच्या २००० च्या काँकरर्स या पुरवणीत सगळ्यात वरच्या लेव्हलला काँप्युटरला खरंच फुकट रसद मिळायची. ही काही अफवा नाही. त्या काळी काँप्युटरचा मेंदू साध्या टेक्स्ट फाइलीत नियम लिहून बनवायचे, आम्ही कॉलेजात उघडून वाचायचो. त्यात काही आज्ञांच्या पुढे 'सीसी' अशी दोन अक्षरं असतात. सीसी-ॲड-रिसोर्स म्हणजे न खोदता न तोडता माल खात्यात जमा. सीसी-प्लेयर्स-युनिट-काउंट म्हणजे न बघता समोरच्याचं सैन्य मोजणं. ती दोन अक्षरं म्हणजे चक्क काँप्युटर चीट. करणाऱ्यांनी स्वतःच लेबल लावून ठेवलं होतं.

पण लाकूडतोड्या, तुझी केस वेगळी. डेफिनिटिव्ह एडिशनचा काँप्युटर एक्स्ट्रीमलासुद्धा फुकटचं एक लाकूड घेत नाही. तो नव्याने लिहिलेला आहे आणि तुझ्याच नियमांनी खेळतो. तो कॅसल त्याने कमावलेला आहे.

लाकूडतोड्या

अरे मग दगड कुठून आला ते सांग ना. मी काय डोळे मिटून बसलो होतो का.

तिरपागडा

बाजार बांधला होता का त्याने? सोनं देऊन दगड विकत मिळतो.

आणि दुसरं, मॅचचं रेकॉर्डिंग आपोआप सेव्ह होतं, ती फाइल ड्राइव्हवर टाक. मी बघून सांगतो. इथे शपथा घेण्यात अर्थ नाही.

गोळा चुकवण्याबद्दल मात्र तुझ्याशी सहमत. त्याला माऊस नाही. आपल्याला एका क्षणी एकाच जागी बघता येतं, तो त्याच क्षणी तिरंदाज पांगवतो, घर बांधतो, मेंढी कापतो आणि मागच्या दारी भिंत घालतो. २०१९ च्या जानेवारीत गूगलवाल्या डीपमाइंडच्या अल्फास्टार या गेम खेळणाऱ्या एआयवरून हीच बोंब झाली होती, गेम वेगळा, स्टारक्राफ्ट टू. दोन व्यावसायिक खेळाडूंना त्याने पाच-पाच शून्य हरवलं, मग लोकांनी बोट ठेवलं की याला तर पडदा सरकवावाच लागत नाही, दिसण्यासारखं सगळं एकदमच दिसतं. लाइव्ह मॅचला माणसासारखा कॅमेरा सरकवत खेळणारी आवृत्ती आणली आणि ती हरली.

कुंभारीण

सिव्हवाल्यांतर्फे मी हजेरी लावते. सिव्हिलायझेशन सिक्स, साताठशे तास झालेत, नवरा मोजायचं थांबलाय. स्टुटगार्टचा हिवाळा, पाच वाजता अंधार, करणार काय.

आमच्याकडे लबाडी अगदी उघड्यावर चालते. प्रिन्स लेव्हलला सगळे समान. त्याच्या वर किंग, एम्परर, इमॉर्टल, डिइटी. प्रत्येक पायरीला काँप्युटरची बुद्धी तीच राहते, फक्त खिसा फुगत जातो. डिइटीला तुम्ही एक सेटलर (गाव वसवणारा) आणि एक वॉरियर घेऊन नदीकाठी उभे, आणि तो तीन सेटलर, पाच वॉरियर घेऊन उतरतो. म्हणजे तुमचं पहिलं गाव वसतं तेव्हा त्याची तीन. वर उत्पादन आणि सोनं ८० टक्के जास्त, विज्ञान आणि संस्कृती ३२ टक्के जास्त, आणि लढाईत प्रत्येक सैनिकाला चार गुण फुकट.

तर हा डिइटीचा काँप्युटर म्हणजे मॅनेजमेंट कोट्यातला मुलगा आहे. बाबांनी सीट घेऊन दिली, गाडी दिली, क्लास लावले. पण पेपर सोडवायला बसला की बोंब. माझ्या भिंतवाल्या एका शहरावर सुमेरियाने अकरा युनिट आणली होती, मी मोजली. आत दोन तिरंदाज. अकराही युनिट शहराभोवती गोल गोल फिरत होती, वारीतल्या रिंगणासारखी. एक पुढे येणार, बाण खाणार, मागे जाणार, दुसरा त्याच्या जागी. त्यांच्याकडे भिंत फोडायचं एकही यंत्र नव्हतं. वीस टर्ननंतर त्यांनीच तहाला माणूस पाठवला आणि वर मला पैसे दिले.

मला त्या ८० टक्क्यांचा राग येत नाही. ते नसतील तर तो दीडशे टर्नमध्ये संपेल आणि मला कंटाळा येईल. पहिले शंभर टर्न मी मागे असते, धापा टाकत पळते, आणि मग एका क्षणी कळतं की आता आपण पुढे गेलो. तो क्षण त्या ८० टक्क्यांनीच विकत घेतलेला असतो.

सहावी_बाजू

कुंभारीणताई, सिव्ह फाइव्हपासून एका चौकोनात, सॉरी षटकोनात, एकच युनिट केलं ना, तिथेच त्याचं डोकं बंद पडलं. सिव्ह फोरमध्ये ढिगाने फौज एका घरात रचायची आणि पाठवायची, ते त्याला जमायचं. ढीग मोठा की लहान एवढंच बघायचं असतं. आता आधी कोण, मागे कोण, घाटातून कोण, हे त्याला कोण शिकवणार. म्हणून खिसा फुगवतात.

मास्तर_निवृत्त

मी हे खेळ खेळत नाही, मुलगा खेळतो, मी मागून बघतो आणि इतिहासाच्या चुका काढतो. वाचतो आहे.

अटकेपार_अर्धा

मास्तर, तुम्ही आलातच तर तुमच्यासाठी खास किस्सा.

एम्पायर टोटल वॉर, २००९ चा. कॅम्पेन १७०० साली सुरू होतं आणि त्यात मराठे आहेत, खेळता येतात. मी पहिल्यांदा अर्थातच मराठे घेऊन खेळलो, इंग्रजांना हाकललं, छाती फुगली. दुसऱ्यांदा म्हटलं जरा समोरून बघू, ब्रिटन घेतलं. अमेरिकेत फ्रान्सशी भांडत बसलो होतो, हिंदुस्थानकडे लक्षच नाही. चाळीसेक टर्नने नकाशा तिकडे सरकवला तर अख्खा हिंदुस्थान भगवा. मुघल गायब. आणखी काही टर्नने इराणच्या बाजूला सरकायला लागले. मी व्यापारासाठी किनाऱ्यावर एक शहर घेतलं होतं, तिथे आठ तुकड्या ठेवल्या होत्या. चालून आली वीस तुकड्यांची पूर्ण फौज, मागे आणखी एक वीसची, वर हत्ती.

मला सांगा, तोफा लावून आपल्याच लोकांवर गोळे टाकायचे? हात थरथरला. शहर सोडलं. बायको म्हणाली मुद्दाम हरलास. हो, हरलो.

परदेशी लोकांच्या व्हिडिओखालीसुद्धा हीच रड असते, की हे मराठा नावाचे कोण लोक आहेत आणि दरवेळी माझ्या पूर्वेकडच्या सीमेवर का येतात. तेवढं वाचून बरं वाटतं ते सोडा. पण प्रश्न हा की काँप्युटरच्या मराठ्यांना काही जास्तीचं दिलंय का?

सहावी_बाजू

माझा अंदाज असा की लबाडी कमी आणि इतरांचा ढिलेपणा जास्त. तो गेम आला तेव्हा काँप्युटरला समुद्रातून फौज उतरवताच येत नव्हती, नंतर पॅचमध्ये दुरुस्ती केली तरी हात आखडताच. म्हणजे ज्यांनी खऱ्या इतिहासात जहाजातून येऊन घात केला ते येतच नाहीत. दख्खनेत बसलेल्याला तीन बाजूंनी फुकटची तटबंदी. एकच शत्रू, मुघल, आणि तो पसरलेला. तो संपला की पुढे अडवायला कोण? हां, वरच्या लेव्हलला काँप्युटरला पैशाची मदत असते, पण ती मुघलांनाही तेवढीच.

मास्तर_निवृत्त

आता लिहितोच.

१७०० साल म्हणजे काय चाललं होतं ते बघा. औरंगजेब स्वतः दख्खनेत तळ देऊन. मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, एप्रिलमध्ये सातारचा किल्ला मुघलांच्या हाती पडला. समोर अर्ध्या जगाचा खजिना, इकडे ताराबाई आणि मोडकी घडी. तेव्हा कुणी खेळाडूने धागा काढला असता की बादशहाला अन्याय्य ॲडव्हांटेज आहे, तर ते शंभर टक्के खरं होतं. आणि तिथून ५८ वर्षांत घोडी अटकेला. अर्धाराव, तुमचा काँप्युटर इतिहासाला फार सोडून वागत नाहीये, फक्त त्याला पुढचं पानिपत कुणी सांगितलेलं नाही.

पण मला एक विचारायचं आहे. बादशहाकडे पैसा होता, माणसं होती, तोफा होत्या. त्याच्याकडे एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे मराठे आत्ता कुठे आहेत याची बातमी. गनिमी काव्याचा सगळा डाव त्यावर. मुलाच्या गेममध्ये नकाशावर ते काळं धुकं असतं ते मला म्हणूनच आवडतं. तर हा काँप्युटर त्या धुक्यापलीकडे बघतो की नाही? पैसे जास्त घेतो त्याचं सोडा.

कुंभारीण

मास्तर, दंडवत. हा खरा प्रश्न.

मला पैसेवाला शत्रू चालतो. आंधळी कोशिंबीर खेळताना ज्याच्या डोळ्यावरची पट्टी सैल आहे तो नाही चालत. कारण पैशावर उपाय असतो, रस्ता अडवा, व्यापार तोडा, शेजाऱ्याला भरीला घाला. बघणाऱ्यावर काय उपाय?

सहावी_बाजू

उपाय असतो. सिव्ह थ्री, २००१ चा. त्यातला काँप्युटर सगळा नकाशा बघायचा, तुमच्या कुठल्या शहरात किती शिबंदी आहे हे त्याला घरबसल्या माहीत. लोकांच्या लक्षात आलं की हा नेहमी सगळ्यात दुबळ्या शहराकडे धावतो, मग ते कितीही लांब असो. झालं, लोक मुद्दाम आडबाजूचं एक शहर रिकामं ठेवायला लागले. त्याची फौज ते शहर घ्यायला डोंगरातून निघायची आणि वाटेत आपण दोन्ही बाजूंनी कापायची. पोचायच्या आत आणखी एखादं शहर रिकामं केलं की फौज परत वळायची. बिचारे नुसते येरझारा घालायचे.

म्हणजे त्याचं चोरून बघणंच आपलं आमिष. मास्तर, हा गनिमी कावा नाही तर काय.

मास्तर_निवृत्त

वा! याला म्हणतात वाघाला शेळी दाखवणे. मुलाला सांगतो.

ऋण_काढून_सण

टोटल वॉरमधलेच शोगुन टू वाले कुणी आहेत का? २०११. तिथे लबाडी नाही, तिथे विश्वासघात आहे. तुम्ही एका मर्यादेपलीकडे मोठे झालात किंवा राजधानी क्योतो घेतलंत की पडद्यावर येतं 'रेल्म डिव्हाइड', आणि अख्खा जपान तुमच्या विरुद्ध. ज्याला मी तीस टर्न तांदूळ पुरवला, ज्याच्या घरी माझी मुलगी दिली, तोसुद्धा दोन-चार ऋतूंत तलवार उपसून दारात. एकमेकांचे जन्माचे वैरी आपापसातलं भांडण सोडून माझ्याकडे. पहिल्यांदा झालं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून गच्चीत जाऊन उभा राहिलो होतो.

बरं हे फक्त खेळणाऱ्याला. काँप्युटरचा एखादा घराणा अर्धा जपान खाऊन बसला तरी त्याच्यावर कोणी उठत नाही.

सहावी_बाजू

पण ते इतिहासात आहे ना. ओदा नोबुनागा मोठा झाला तेव्हा सगळे मिळून त्याच्यावर उठलेच होते, देवळातल्या भिक्षूंपासून शोगुनपर्यंत.

मास्तर_निवृत्त

आणि टिपूवर १७९० ला मराठे, निजाम, इंग्रज एकत्र. ज्यांचं एकमेकांशी क्षणभर पटत नव्हतं ते.

ऋण_काढून_सण

मान्य. पण नोबुनागाला कुणी पडद्यावर सूचना देऊन सगळे एका सकाळी फिरवले नव्हते. हळूहळू घाबरले असते तर माझी तक्रार नव्हती. आणि नियम फक्त मलाच का, त्याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही.

कुंभारीण

कारण नाहीतर तुम्ही अर्ध्यावर गेम सोडून देता. मोठं झालं की उरतं काय, नुसती साफसफाई. मी सिव्हमधल्या माझ्या अर्ध्याअधिक गेम जिंकायच्या आधीच सोडल्यात.

बार्शीलाईट

युरोपा युनिव्हर्सालिस फोरचं कुणी लिहिलं नाही अजून. त्यात 'लकी नेशन्स' म्हणून प्रकार आहे. ऑटोमन, फ्रान्स, कॅस्टील, मस्कोव्ही वगैरे, इतिहासात जे मोठे झाले त्यांना काँप्युटर चालवत असेल तर नशिबाचे छोटे छोटे बोनस. तोच देश तुम्ही घेतला की नशीब गायब. मी बहामनी घेऊन खेळतो, १४४४ ला सुरू होतं, दक्षिणेला विजयनगर बोकांडी बसलेलं, तिथे लकी वगैरे काही ऐकू येत नाही, ज्याच्या मनगटात जोर तो. पण हे सेटिंग मेनूत दिसतं, बंद करता येतं, फक्त बंद केलं तर अचीव्हमेंट मिळत नाहीत. हे मला पटतं. पत्रिका जुळवून लग्न केल्यासारखं आहे, निदान पत्रिका बघायला तरी मिळते.

एज ऑफ एम्पायर्स फोरवाल्यांनीही तेच केलंय ना, वरच्या लेव्हलची नावंच रिडिक्युलस, आउटरेजस, ॲब्सर्ड. उघड सांगून टाकलंय की याला जास्तीची रसद आहे, झेपत असेल तर या.

तिरपागडा

सगळे एकाच बाजूची लबाडी मोजताय, दुसरी कुणी बघायची?

सिव्हचा जनक सिड मायर, त्याने २०१० साली गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत सांगितलेलं आहे. सिव्हिलायझेशन रिव्होल्यूशनमध्ये लढाईच्या आधी दोन्ही बाजूंची ताकद आकड्यात दाखवायचे. तीनास एक असेल आणि खेळाडू हरला तर तो चिडायचा, म्हणे हे कसं शक्य आहे. आता तीनास एक म्हणजे चारात एकदा हरणारच, शाळेतलं गणित. पण एकास तीन असताना जिंकला तर तो गप्प, तेव्हा म्हणे माझं डावपेचाचं डोकं. मग त्यांनी काय केलं, गणितच वाकवलं. तीनास एक असलं की जवळपास जिंकूच द्यायचं, आणि दोनास एकला एकदा हरला असेल तर लगेच परत हरू द्यायचं नाही.

सिव्ह फोरमध्ये खालच्या लेव्हलला रानटी टोळ्यांशी पहिल्या काही लढाया आपण हरतच नाही, ठरलेलं असतं. कुंभारीणताई, या लबाडीवर किती धागे निघाले? मी एकही पाहिला नाही.

कुंभारीण

आई गं. लागलं.

अटकेपार_अर्धा

अवांतर: सिव्हमध्ये गांधीजी अणुबाँब टाकतात ते तरी बग होतं ना?

तिरपागडा

नाही. एक वजा दोन बरोबर २५५, म्हणजे गांधींची आक्रमकता शून्याखाली जाऊन उलटी २५५ झाली, ही गोष्ट ऐकायला झकास आहे, पण सिड मायरनेच २०२० मध्ये सांगितलं की पहिल्या गेममध्ये तसा बग नव्हताच. सिव्ह फाइव्हमध्ये मात्र मुद्दाम गंमत म्हणून गांधींची अणुबाँबची आवड दहापैकी बारा ठेवली होती. अवांतर समाप्त.

लाकूडतोड्या, फाइल कुठाय?

लाकूडतोड्या

टाकली. लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली आहे. हसू नका.

तिरपागडा

बघितली. दोनदा बघितली, दुसऱ्यांदा वहीपेन घेऊन. लागेल तुला पण लिहितो.

आधी दगड. अरेबियावर प्रत्येकाला दगडाच्या दोन जागा असतात. तू स्काउट उभा केलास ती पुढची, टेकडीखालची. तो मागच्या खाणीतून काढत होता, चार माणसं, सोळाव्या मिनिटापासून. त्याच्या टाऊन सेंटरच्या (मुख्य इमारत, माणसं तिथेच बनतात) मागे, जिथे तुझा घोडा एकदाही गेला नाही. मामा वगैरे कोणी नाही.

आता तुझं. व्हिलेजर, म्हणजे काम करणारा माणूस, बनायला २५ सेकंद लागतात. दहा मिनिटांत २४ वेळा ते चक्र फिरतं. तू एकदा लूम (माणसं दणकट करणारी सुधारणा) केलंस, ते पण २५ सेकंद, राहिले २३. सुरुवातीचे तीन धरून दहाव्या मिनिटाला २६ हवेत. तुझे १७ होते. अन्नासाठी आणलेल्या रानडुकराने एक मारला तो धरून १८. म्हणजे आठ कमी, म्हणजे तुझं टाऊन सेंटर तीन मिनिटं वीस सेकंद नुसतं उभं होतं. त्यात दोनदा घरं संपली म्हणून, घर नसेल तर नवा माणूस बनत नाही. लाकूड १४० पडलेलं आणि घर २५ ला मिळतं. साडेसहाव्या मिनिटाला तर पाऊण मिनिट पडद्यावर काहीच हलत नाही, ना माऊस ना माणूस. डुक्कर त्याच वेळी आलं.

त्याचे दहाव्या मिनिटाला २६ होते. बरोबर २६. एक सेकंद वाया नाही. डुक्कर दोन्ही पचवले.

लाकूडतोड्या

ते पाऊण मिनिट धाकटी उठली होती पाणी मागायला.

बाकी काही बोलत नाही. मागच्या खाणीचं खरंच माहीत नव्हतं, वीस वर्षं खेळतोय.

बार्शीलाईट

धाकटीला माफ आहे. डुकराला नाही.

तिरपागडा

एक प्रयोग कर. नवी मॅच लावताना काँप्युटरचा मेंदू निवडता येतो, त्यात जुना सीडीचा पण ठेवलाय, आपल्या कॅफेतला. तो हार्डेस्टवर घे. तो फुकट रसद घेणारा. त्याच्याशी खेळ आणि इथे लिही.

लाकूडतोड्या

(तीन दिवसांनी)

अहवाल.

जुना सीडीवाला, हार्डेस्ट, अरेबिया, मी फ्रँक्स. जिंकलो. एकोणचाळीस मिनिटांत. हा गडी मला कॉलेजात रडवायचा आणि आता बघतो तर काय, एका वेळी सात-सात घोडे पाठवतो, माझ्या कॅसलखाली मरतात, परत सात पाठवतो. मँगोनेलचा गोळा बघतात तिथेच उभे राहून. रस्त्यात बस बंद पडल्यावर लोक उतरून बघतात ना, तसे. वरून येणारं सगळं सामान त्याने माझ्या दारात आणून ओतलं.

मग जोर आला म्हणून लगेच नव्यावर एक्स्ट्रीम. हरलो. अठ्ठावीस मिनिटं. पण दहाव्या मिनिटाला २२ व्हिलेजर होते, घर एकदाच संपलं, आणि त्याच्या मागच्या खाणीवर मी पहिल्यांदा पाच घोडे नेले, चारही माणसं मारली, कॅसल पाच मिनिटं उशिरा झाला. मजा आली हो. रागाने नाही, खरंच.

एकच राहिलं. गोळा चुकवतो त्याचं काय करू?

कुंभारीण

गोळा टाकू नका. तुम्ही फ्रँक्स आहात, घोडे आहेत.

अटकेपार_अर्धा

मी काय म्हणतो, सगळे मिळून चारास चार खेळू या का? समोर चार एक्स्ट्रीम. मास्तर प्रेक्षक.

मास्तर_निवृत्त

मुलाला पण घ्या, तो बरा खेळतो. मी मागून चुका काढेन.

ऋण_काढून_सण

मी येतो. पण दोस्ती मोडणार नाही असं आधीच सांगा, मला धसका आहे.

लाकूडतोड्या

शनिवार, रात्री साडेदहा. धाकटी उठली तर माझी माणसं कुणीतरी बघा, आणि डुक्कर मी आणणार नाही.